जाकीट कधी फुगवायचं

पाटबंधारे खात्यात मी बत्तीस वर्षं आरेखक म्हणून काम केलं. धरणांचे छेद, कालव्यांचे आराखडे, पाणलोटाच्या सीमा हे सगळं आधी ट्रेसिंग पेपरवर आणि शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवर काढलं. पाण्याची पातळी दाखवायला आम्ही एक छोटा उलटा त्रिकोण काढायचो. तो मी किती हजार वेळा काढला असेल, सांगता येणार नाही. पण मी स्वतः कधी पाण्यात उतरले नव्हते. नदीवर गेले तरी घाटाच्या पायरीवर बसून पाय भिजवायचे, एवढंच.

निवृत्तीनंतर गुडघे दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले, चालू नका, पोहा. पंचवटीपलीकडे आमच्या वसाहतीपासून जवळच सार्वजनिक तरणतलाव आहे. तिथे सकाळी अकराला बायकांची बॅच असते. फी भरली, टोपी घेतली, आणि पोहण्याचा पोशाख आणायला एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार सज्जन होता. त्याने माझ्याकडे न बघता तीन खोकी काउंटरवर ठेवली आणि पाठ करून क्रिकेटच्या बॅटी पुसत बसला. मी गुडघ्यापर्यंतचा, अर्ध्या बाह्यांचा, गडद निळा पोशाख उचलला आणि घाईने पिशवीत कोंबला.

पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तो घालून, वरून टॉवेल गुंडाळून मी बाकावर बसून राहिले. बाहेर जायचं धाडस होईना. शेजारी अजून एक बाई तशाच टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या. मांडीवर साडीची नीट घडी, आणि तिच्यावर दोन हात असे ठेवलेले, जणू साडी कुणी पळवून नेईल.

"तुमीबी आजच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग चला, दोघी एकदमच जाऊ. आर्धं आर्धं लाजू."

आम्ही एकमेकींचा हात धरून पायऱ्यांपर्यंत गेलो. तिथे कुणाचंही आमच्याकडे लक्ष नव्हतं. पंधरा-वीस बायका पाण्यात आपापल्या कामात होत्या. टॉवेल कठड्यावर टाकला आणि पाणी कमरेला लागलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपलं वजन आपल्याला किती जड झालं होतं.

त्या बाईंचा मखमलाबादच्या पुढे मळा होता. शेवंती, झेंडू आणि एका पॉलीहाऊसमध्ये गुलाब. पहाटे पंचवटीतल्या फुलबाजारात माल द्यायचा, दहापर्यंत मोकळं व्हायचं आणि अकराला तलावावर यायचं. आम्ही सगळ्या त्यांना मळ्यातल्या ताई म्हणायला लागलो. तीन महिन्यांत मी तलावाची रुंदी पार करायला शिकले. ताई मात्र कठडा सोडत नव्हत्या. पाय छान मारायच्या, पण डोकं काही पाण्याखाली घालायच्या नाहीत. आमच्या प्रशिक्षक मॅडम रोज सांगायच्या आणि ताई रोज हसून "उद्या" म्हणायच्या.

एकदा मी विचारलं, "पाण्याची एवढी भीती वाटते, मग आलात कशाला?"

"माही पोरगी मुंबईला कंपनीत हाय. तिला पव्हायची परीक्षा द्यावी लागली. म्हनलं, तिनं काय केलं ते बघावं तरी."

नोकरीसाठी पोहण्याची परीक्षा घेणारी ही कसली कंपनी, असं माझ्या मनात आलं. पण ताईंनी विषय बदलला, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

मग तो व्हिडिओ आला.

आमच्या बॅचचा मोबाइलवर ग्रुप आहे. कुणीतरी त्यावर पाठवला. परदेशातल्या एका विमान कंपनीने प्रवाशांना सुरक्षेच्या सूचना देण्यासाठी केलेला. उड्डाणाआधी पट्टा कसा लावायचा, मास्क कसा घालायचा हे दाखवतात ना, तेच. फक्त इथे ते समुद्रकिनाऱ्यावर बिकिनी घातलेल्या मॉडेल दाखवत होत्या. त्यावरून परदेशात मोठा गदारोळ झालेला. आपल्याकडच्या वाहिन्यांवरही चर्चा. व्हिडिओ खरं तर बऱ्याच वर्षांपूर्वीचा होता, तो पुन्हा फिरायला लागला होता. पण आमच्या कपडे बदलायच्या खोलीत तो ताजाच होता.

बॅचमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. वय सत्तर, आणि आमच्यातल्या सगळ्यात चांगल्या पोहणाऱ्या. लहानपणी गावच्या नदीत शिकलेल्या. त्या अंग पुसता पुसता म्हणाल्या, "किळस आली मला. जीव वाचवण्याची माहिती द्यायची तर त्यात ह्या बायका उघड्या कशाला?"

एक तरुण डेंटिस्ट होती, तिचा दवाखाना दुपारी उघडायचा. ती म्हणाली, "बाई, आत्ता आपण काय घालून उभ्या आहोत?"

"आपण पाण्यात उतरायला घालतो. त्या कुणीतरी बघावं म्हणून घालतात. ह्यात फरक आहे की नाही?"

"त्यांचं ते काम आहे. त्यांनी त्यांच्या मर्जीने केलंय. आणि निदान लोक बघतात तरी. एरवी त्या सूचनांकडे कोण बघतं?"

"कोण बघतं म्हणजे? मी बघते. आणि शेजारच्या सीटवर नातू असेल तर त्याच्या बाजूला बसून मी हे बघायचं? मला उठून जाता येतं का विमानातून?"

दोघींचं म्हणणं मला बरोबर वाटत होतं. हा माझा जुना दोष. ऑफिसातही दोन इंजिनियर भांडले की मी दोघांच्या नकाशांवर पेन्सिलने बरोबरची खूण करून द्यायचे.

चार दिवस हाच विषय चालला. शेवटी वसाहतीतल्या वाचनालयाने शनिवारी संध्याकाळी जाहीर चर्चाच ठेवली. एका बाजूने मुख्याध्यापिकाबाई, दुसऱ्या बाजूने डेंटिस्ट. अध्यक्ष कोण, तर मी, कारण माझं काहीच मत नव्हतं. मला एक पितळी घंटा दिली आणि वेळ संपली की वाजवा म्हणून सांगितलं.

हॉल भरला. पुरुषही बरेच आले होते. बाई आधी बोलल्या. आवाज न चढवता, शाळेत बोलायच्या तसं. त्या म्हणाल्या, बाईचं शरीर हे साबणापासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत सगळीकडे चिकटवून झालं, आता प्राण वाचवण्याची जागा तेवढी उरली होती. डेंटिस्ट म्हणाली, ज्या बाईला आपल्या शरीराची लाज वाटत नाही तिची लाज आपल्याला का वाटते, हे आधी तपासू. टाळ्या दोघींना पडल्या. मग प्रश्नोत्तरं. पुढच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ उठून म्हणाले, "असा व्हिडिओ असेल तर आम्ही मात्र अगदी शेवटपर्यंत लक्ष देऊन बघू बुवा." पुरुष हसले. काही बायकाही हसल्या. बाई हसल्या नाहीत.

तेव्हा मागच्या रांगेतून मळ्यातल्या ताई उठल्या. डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी. त्या आल्या आहेत हे मला माहीतही नव्हतं.

"मला एक इचारायचंय," त्या म्हणाल्या. "समद्यांनी व्हिडिओ पाह्यला. काहींनी लय येळा पाह्यला. त्यात जाकीट दाखवलंय, पाण्यात पडल्यावर घालायचं. ते फुगवायचं कधी?"

बाईंनी डेंटिस्टकडे बघितलं, डेंटिस्टने बाईंकडे. मी स्वतः तो तीनदा पाहिला होता आणि मला आठवेना.

पुढचे गृहस्थ म्हणाले, "घातलं की लगेच फुगवायचं. त्यात काय?"

"मंग तुमी गेले," ताई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. त्यांनी ते थट्टेने म्हटलं नव्हतं.

"माही पोरगी हेच काम करती," त्या पुढे म्हणाल्या. "इमानात. पाच वरीस झाले. मी गावात सांगती का मुंबईला हाफिसात हाय. कारन लोकं आसं हसत्यात." त्यांनी गृहस्थांकडे नाही, सगळ्या हॉलकडे हात केला. "ती ट्रेनिंगला व्हती ना, तं घरी येऊन मला पाटावर बसवायची आन् पाठ म्हनायची. जाकीट दाराबाहेर पडताना फुगवायचं. आत नाय. मला पाठ झालं, पन का आसं, ते मला आजून नाय कळालं. मी इचारलं न्हाई, ती दमलेली आसायची."

त्या खाली बसल्या. घंटा वाजवायची वेळ होऊन गेली होती. मी ती वाजवली नाही.

सभा पांगल्यावर आमच्या प्रशिक्षक मॅडम ताईंना गाठून म्हणाल्या, "का ते पाण्यातच कळेल. मुलगी सुटीवर कधी येते?"

मुलगी पुढच्या मंगळवारी येणार होती. मॅडमनी ओळखीच्या एका हवाई प्रशिक्षण वर्गातून दोन जुनी सरावाची जाकिटं मिळवली. त्यांतली गॅसची नळकांडी काढलेली होती, तोंडाने फुंकून फुगवायची नळी शाबूत होती. तलावाच्या कार्यालयातला कारकून मात्र लेखी अर्जाशिवाय परवानगी देईना. अर्ज लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. विषय, विमान पाण्यात उतरल्यास करावयाच्या कृतीचे प्रात्यक्षिक. त्याने तो दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

मुलीने फोनवरून मॅडमना सांगितलं होतं की पाण्यावर एक छोटी बंद खोली लागेल. ती कशी करायची ह्याचं चित्र मी काढलं. बत्तीस वर्षांत कागदावर काढलेलं काहीही मी स्वतःच्या हाताने बांधलं नव्हतं, त्यामुळे हे काम मला फार आवडलं. बांबूंची चौकट, चार कोपऱ्यांना रिकामे सीलबंद कॅन, म्हणजे ती तरंगेल. वरून आणि चारी बाजूंनी प्लास्टिक, आणि ते पाण्याखाली हातभर लोंबणारं. खालच्या काठाला वाळूच्या छोट्या पिशव्या. आत हवा असेल, माणूस छातीभर पाण्यात उभं राहील, पण बाहेर यायचं तर डोकं खाली घालून काठाखालून यावं लागेल. प्लास्टिक ताईंनी आणलं, त्यांच्या पॉलीहाऊसचं बदलून काढलेलं.

मंगळवारी मुलगी आली. सत्ताविशीची असेल. बारीक, उंच, केसांचा घट्ट अंबाडा. आईसारखंच कपाळ. सगळ्यांना नमस्कार केला, काकू, मॅडम म्हणाली, जरा संकोचलेली दिसली. कपडे बदलून तलावावर आली. तिने काय घातलं होतं, हे नंतर आठवायचा प्रयत्न केला तर मला आठवेना. मुख्याध्यापिकाबाईंना मात्र आठवत होतं. "काळा, बिनबाह्यांचा," त्या म्हणाल्या, "आणि तिला शोभत होता."

तिने सगळ्यांना पायऱ्यांवर बसवलं आणि जाकीट हातात घेतलं.

"विमान पाण्यात उतरलं की आत पाणी शिरू शकतं," ती म्हणाली. "पाणी वर चढतं आणि दार पाण्याखाली जातं. तुम्ही आतच जाकीट फुगवलं तर ते तुम्हाला वर नेणार. त्याचं कामच ते आहे. दार खाली आणि तुम्ही छताला. ऐकून सगळ्यांना कळतं. पण तेव्हा हात आपोआप फुगवायची दोरी ओढायला जातो. म्हणून एकदा करून बघायचं. कोण येतं?"

"मी," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "मला पाण्याची भीती नाही."

त्या जाकीट घालून प्लास्टिकच्या खोलीत गेल्या. मॅडम खोलीच्या एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला पाण्यात उभ्या राहिल्या, दोघींचे हात चौकटीवर, म्हणजे क्षणात उचलता येईल. प्लास्टिकमधून बाई आम्हाला धूसर दिसत होत्या. त्यांनी जाकीट फुंकून फुगवलं. मुलीने विचारलं, "तयार?" आतून "हो" आलं.

"मग बाहेर या."

बाईंनी डोकं खाली घातलं. डोकं वर आलं. पुन्हा घातलं. पुन्हा वर आलं. नदीत वाढलेली बाई, आमच्यातली सगळ्यात तरबेज, हात मारत होती, पाय झाडत होती, आणि प्रत्येक वेळी जाकीट तिला वर आणून प्लास्टिकच्या छताला भिडवत होतं. काठ फक्त हातभर खाली होता. आम्ही सगळ्या बघत होतो. चार-पाच प्रयत्न झाले असतील, तोच मुलीने चौकट उचलली. बाई बाहेर आल्या. श्वास जोरात चालला होता. त्या बराच वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

मग म्हणाल्या, "हवा काढ ह्यातली. पुन्हा जाते."

हवा काढल्यावर त्या एका बुडीत सहज बाहेर आल्या. बाहेर येताच मुलीने हाक दिली, "आता," आणि बाईंनी नळी तोंडात धरून जाकीट फुगवलं आणि पाठीवर तरंगत राहिल्या. आकाशाकडे बघत.

एकेक जण गेली. डेंटिस्ट गेली. दोघी-तिघी नको म्हणाल्या, त्यांना मुलीने अजिबात आग्रह केला नाही. शेवटी ती पायरीवर बसलेल्या आईकडे वळली.

"आई, ये."

"मी हितूनच बघती."

"आई, एकटी नको वाटत असेल तर काकू येतील सोबत." ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. ताई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग, पहिल्या दिवशी धरला होता तसाच, त्यांनी माझा हात धरला.

मॅडमनी एक बाजू उचलून आम्हाला आत घेतलं आणि बाजू खाली सोडली. आत दुधासारखा उजेड होता. बाहेरचं काही दिसत नव्हतं, फक्त रंगांचे डाग हलत होते. आमचा श्वास प्लास्टिकवर आपटून परत येत होता. पाणी छातीला लागून लपलप करत होतं. मला ठाऊक होतं की पाय टेकलेले आहेत, दोन पावलांवर मॅडम आहेत, चौकट माझ्याच चित्रावरून बांधलेली आहे. तरीही मी ताईंचा हात आणखी घट्ट धरला.

मग बाहेरून मुलीचा आवाज आला.

तो तिचा आवाज आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. पायऱ्यांवर बोलत होती तो तिचा आवाज मऊ होता. हा फार मोठा झाला होता असं नाही, पण त्यातलं आर्जव पूर्ण निघून गेलं होतं. त्यांना हिंदीत सराव असतो, म्हणून ती हिंदीत बोलत होती.

"बेल्ट खोलो. इधर आओ. नीचे से आओ."

तेच पुन्हा. त्याच लयीत, तेवढ्याच अंतराने. त्या आवाजात भीती नव्हती, घाई नव्हती, आणि आपण इथे थांबू शकतो असा विचार करायला जागाच नव्हती. माझे पाय माझ्या आधी निघाले होते.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "ती वरडू राहिली," त्या कुजबुजल्या.

"हो."

"घरात कधी वर तोंड करून बोलली नाय."

"बेल्ट खोलो. इधर आओ. नीचे से आओ."

ताईंनी कमरेवरून हात असा फिरवला, जणू खरंच पट्टा सोडत आहेत. मग नाक धरलं, डोळे मिटले आणि खाली गेल्या. तीन महिने कठडा न सोडलेली बाई माझ्यासमोर पाण्यात नाहीशी झाली. प्लास्टिकचा काठ फुगला, हलला, पुन्हा सरळ झाला. मी एकटी उरले.

मी गेले तेव्हाचं मला फार थोडं आठवतं. कानात गच्च शांतता, डोळ्यांसमोर हिरवट उजेड, आणि दंडाला धरून पुढे ओढणारा एक हात. पातळीच्या त्या रेषेखाली मी गेले आणि पलीकडे वर आले. नकाशावर त्या खालच्या भागात मी नेहमी आडव्या बारीक रेषा भरत असे. तिथे एवढी जागा असते, हे मला कधी वाटलं नव्हतं.

वर आले तेव्हा ताई मुलीचं मनगट धरून उभ्या होत्या. टोपी सरकली होती, केसांतून पाणी गळत होतं. बाकीच्या बायका जवळ सरकल्या होत्या.

"आन् लोकं आसली तं?" ताईंनी विचारलं. "इमान भरून?"

"मग सगळ्यांना असंच बोलवायचं. एकेकाला बाहेर ढकलायचं."

"आन् तू?"

"मी नंतर."

"नंतर म्हंजी कधी?"

"आपल्या वाट्याच्या सीटा आधी बघायच्या, आई. कुणी राहिलं का. आवाज द्यायचा. कुणी नसेल, मग मी. आत थांबणंच अशक्य झालं तर गोष्ट वेगळी."

"म्हंजी शेवटी."

"हो. शेवटी."

विमानात ह्या मुलींकडून मी स्वतः कितीदा पाणी मागून घेतलं होतं, उशी मागितली होती, एकदा तर सँडविच गार आहे म्हणून तक्रार केली होती. त्यांच्या हसण्यामागे ही गोष्ट उभी असते, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. समोर मळ्यातली एक सडपातळ मुलगी उभी होती आणि मला तिच्याकडे मान वर करून बघावंसं वाटत होतं.

"हे तू मला सांगितलं नाय," ताई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

ताईंनी मुलीच्या कपाळावरचं पाणी तळहाताने पुसलं, जणू तीच आत्ता पाण्याखालून आली होती.

वाद काही मिटला नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "काल घरी जाऊन तो व्हिडिओ पुन्हा लावला. जाकीट बाहेर पडल्यावर फुगवा, असं त्यात स्वच्छ सांगितलंय. मी तो चारदा पाहिला होता आणि मला ते ऐकूच आलं नव्हतं. हाच माझा आक्षेप आहे."

"तुम्हाला ऐकू आलं नाही ह्यात त्या मॉडेलचा काय दोष?" डेंटिस्ट म्हणाली.

"तिचा दोष मी कधी म्हटला? तिला तिथे उभं करणाऱ्याचा म्हणते आहे."

"हे मात्र मला पटलं," डेंटिस्ट म्हणाली, आणि लगेच, "अर्धंच पटलं."

बाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते काटछाट करून छापून आलं. जे ते काम मनापासून शिकलेले असतात त्यांचाच चेहरा आणि आवाज प्रवाशांना द्या, त्याहून जास्त लक्ष वेधणारं काही नाही, एवढंच त्यात उरलं होतं. डेंटिस्टने ते दवाखान्याच्या फळ्यावर लावलं आणि खाली आपलं वेगळं मत पेनाने लिहिलं. ते दोन्ही कागद तिथे बरेच दिवस होते. माझं विचाराल तर मला अजूनही दोघींचं पटतं.

दिवाळीच्या थोडं आधी ताईंनी मला मळ्यात जेवायला बोलावलं. झेंडूची तोडणी जोरात होती. घरापुढे फुलांचे ढीग, चार-पाच बायका क्रेट भरत होत्या. आम्ही ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली आणि मुलगी उतरली. ती ओझरच्या विमानतळावर उतरली होती आणि तशीच निघाली होती. गुडघ्यापर्यंतचा गणवेश, गळ्यात रुमाल, ओठांना लाल रंग, उंच टाचांचे बूट, मागे चाकांची बॅग. क्रेट भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. शेजारच्या वावरातले एक आजोबा काठीवर हात ठेवून बघत उभे राहिले.

ताई मला हळूच म्हणाल्या, "दर खेपेला स्टँडवर डरेस बदलून येती. मीच सांगितल्यालं. पाच वरीस. परवा फोन करून म्हनलं, हाय तशी ये."

मुलगी रस्त्याच्या कडेला उभी होती. घरापर्यंत यायची वाट वाफ्यांमधून, आणि सकाळीच पाणी दिलेलं. एका पावलात तिची टाच मातीत रुतली.

"कोन गं ती?" क्रेटवाल्यांपैकी एकीने विचारलं.

"माही पोरगी," ताई मोठ्याने म्हणाल्या. "इमानात हाय. लोकायला बाहेर काढायचं काम हाय तिचं."

त्या ओट्यावरून उतरून वाफ्यांतून तिच्यापर्यंत गेल्या. मुलीने बूट काढून हातात घेतले. बॅगेला चाकं होती, पण ती ओल्या मातीत फिरेनात. ताईंनी पदराची चुंबळ केली, बॅग उचलून डोक्यावर ठेवली, आणि दोघी फुलांच्या ओळीतून घराकडे यायला लागल्या. आई पुढे, मागे गणवेशातली अनवाणी मुलगी.